पिठातलं पाऊल

काल दुपारी सासूबाईंना खाटेवरून खाली भुईवर घेतलं आणि जमलेल्या बायका एकदम माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. गावात कोणाचा जीव घुटमळू लागला की मला बोलावणं येतं. मरणाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन रामाचं नाव सांगायचं, त्याच्या ओठांवर ते आलं की उठायचं, आणि बाहेर ताटकळणाऱ्यांना सांगायचं, "म्हटलं." बस, एवढंच माझं काम. सात वर्षांत अकरा माणसं माझ्या समोर अशी गेली. बोदलकशाच्या तलावाखालच्या तीन-चार गावांत लोक म्हणतात, नंदानं कानात नाव सांगितलं की माणूस थेट वर जातो, आडवाटेला लागत नाही.

मला या कौतुकाचा संताप येतो. यादोराव भजनी, ज्यानं सगळ्या गावाला मरणाचं शास्त्र शिकवलं, त्यानंही आपल्या वेळेला मलाच बोलावलं. मोठ्या भक्तिभावानं तो माझ्याकडे पाहत होता, आणि मला वाटलं, याच्या कानात रामाचं नाव सोडून दुसरंच काहीतरी सांगावं. सांगितलं नाही. जे सांगायचं ते वेळेवर सांगणं मला कधी जमलंच नाही, आणि त्याचंच हे सगळं आहे.

सात वर्षांपूर्वीचा चैत्र होता. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं, आणि सासरी मी काम घरच्यासारखं करायची आणि तोंड पाहुणीसारखं मिटून ठेवायची. घरात आम्ही चार माणसं. सासरे कवडूजी, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासू धुरपताबाई, माझ्या आत्याबाई. मी, आणि माझा नवरा. नवऱ्याचं नाव आमच्यात बायका घेत नाहीत. इथं घेतल्यावाचून भागणार नाही म्हणून एकदा घेते: दुधराम. बापावर जीव टाकणारा माणूस. मामाजी उजव्या पायानं लंगडत, लहानपणी पाय बंडीच्या चाकाखाली आला होता, तर हा तीस वर्षांचा गडी बापाच्या चालीनं चालायचा. शेताच्या धुऱ्यावरून दोघं येताना दिसले की दोघंही लंगडे आहेत असंच लांबून वाटे.

मामाजी मोहफुलं वेचायला उजाडायच्या आत रानात जात. त्या दिवशी ते झाडाखाली वाकले होते आणि वाघानं मागून झडप घातली. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, वाघ पळाला, आणि मामाजींना खाटेवर घालून घरी आणलं तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. मानेपासून पाठीपर्यंत काही उरलं नव्हतं. वैद्याला बोलवा असं कोणीच म्हटलं नाही. यादोराव म्हणाला, "खाली घ्या त्याले."

आम्ही त्यांना भुईवर घेतलं. आत्याबाईंनी तुळशीचं पान आणि पाणी तोंडात घातलं, ते तसंच गालावरून ओघळलं. यादोराव डोक्याशी बसला. "कवडूभाऊ, राम म्हण. राम."

"वाघ," मामाजी म्हणाले.

"वाघ गेला. तू राम म्हण."

"वाघ. मागं हाये. वाघ."

माझा नवरा त्यांच्या कानाशी वाकला. "बाबा, मी हावो. घरी हावो आपण. राम म्हणा, बाबा. एकदा म्हणा." त्याच्या डोळ्यांतलं पाणी बापाच्या कपाळावर पडत होतं. सगळं घर, सगळं अंगण राम राम म्हणू लागलं. एवढ्या माणसांच्या आवाजात मामाजींनी मोठे डोळे करून दाराकडे पाहिलं, पुन्हा "वाघ" म्हणाले, आणि गेले.

आवाज एकदम थांबला. कोणी रडलंसुद्धा नाही. यादोराव उठला, हात झटकले आणि कोणी न विचारताच बोलला, "शेवटी मनात जे राह्यते, तेच पुढं माणूस होते." मला त्याच्या तोंडावर उपरणं कोंबावंसं वाटलं. पण माझ्या नवऱ्यानं ते ऐकलं होतं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि मान खाली घातली.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रेत उचललं की ते जिथं होतं त्या जागी तांदळाचं पीठ चाळून पसरतात. जवळ दिवा आणि द्रोणात पाणी ठेवतात, आणि वरून मोठं टोपलं उपडं घालतात. माणसं मसणातून अंघोळ करून परतली की टोपलं उचलायचं. पिठात काही ना काही उमटलेलं असतं. पाखराची नखं, गाईचा खूर, सापाची रेघ, कधी माणसाचं पाऊल. जे दिसेल तो मेलेल्याचा पुढचा जन्म.

आत्याबाईंनी द्रोणात पाण्याऐवजी दूध ओतलं. यादोराव तिरडीशी उभा होता, तिथूनच म्हणाला, "दूध नको, वहिनी. पाणी ठेवा."

"जन्मभर दुसऱ्याच्या घरी दूध घातलं त्यानं. स्वतः कधी पोटभर पेला नाही. आज पिऊ दे." असं म्हणून त्यांनी टोपलं घातलं आणि मला सांगितलं, "नंदे, याच्यावर वरवंटा ठेव. आन कोणी हात लावू नका. पीठ ज्याच्यानं बिघडलं, त्याच्यानं मेलेल्याची वाट मोडते."

मी वरवंटा आणायला वळले. तेवढ्यात तिरडी उचलली, बायकांनी हंबरडा फोडला, कोणी भोवळ येऊन पडली, मी पाणी आणायला धावले. मग पाय धुवायला घागरी भरायच्या होत्या, दारात कडुनिंबाचा पाला ठेवायचा होता. वरवंटा राहिला तो राहिलाच. आठवण झाली तेव्हा मी आत पळाले.

टोपलं एका बाजूनं तिरकं झालं होतं. द्रोण चाटूनपुसून कोरडा. आणि पिठाच्या कडेला, द्रोणापर्यंत पोचायला टेकलेला एकच पंजा उमटला होता. चार बोटं आणि मागं गादी, अगदी स्वच्छ. आमच्या घरातली मांजर महिन्याभरापूर्वी व्याली होती, दुधाच्या वासानं ती कुठूनही यायची.

हातानं पीठ सारखं केलं असतं तर संपलं असतं. एका तळव्याचं काम होतं. पण पिठाला हात लावायचा नाही असं आत्ताच बजावलेलं, आणि बाहेर माणसांची चाहूल लागली होती. मांजर आली होती असं म्हणावं तर वरवंटा कुठं होता, असं विचारतील. दोन वर्षं मूल नाही, आणि आता सासऱ्याची वाटही हिनंच मोडली. मी टोपलं सरळ केलं, वरवंटा वर ठेवला आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

टोपलं यादोरावनं उचललं. बराच वेळ तो वाकून पाहत राहिला. मग बाजूला झाला, आणि ज्याला त्याला आपल्या डोळ्यांनी पाहता आलं.

"वाघ," कोणीतरी हळूच म्हणालं.

"लहान हाये पण," टिकाराम म्हणाला. टिकाराम आमच्या शेजारचा, गावात परवान्याची बंदूक त्याच्याकडे एकट्याकडे.

"लहानच राहीन," यादोराव म्हणाला. "आताच तं जन्मला. वाढन."

माझा नवरा गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्या पंज्यापुढं डोकं टेकलं. मी त्याच्या मागं दोन हातांच्या अंतरावर उभी होते. खरं सांगायचं तर तिथंच सांगता आलं असतं. संध्याकाळी मी मांजर शोधली तेव्हा ती चुलीमागं बसली होती, तोंड अगदी स्वच्छ. चाटून घेतलं असेल, असं मी समजले.

वैशाखात वाघ गावाजवळ येऊ लागला. आधी एक गोऱ्हा गेला, मग टिकारामाची दुभती म्हैस. माणसं रानात जायची बंद झाली. तेंदूची पानं तशीच झाडावर राहिली. शेवटी टिकारामनं हाका घालून, रान उठवून वाघ मारायचं ठरवलं आणि तिरोड्याहून दुसरी बंदूक मागून आणली. ती माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, कारण डुकरावर त्याचा नेम चुकत नसे, आणि बाप त्याचा मेला होता.

त्या सकाळी तो मचाणावर बसायला निघाला तेव्हा मी दारात आडवी आले. "नका जाऊ," मी म्हटलं.

"काऊन?"

काऊन ते सांगायला माझ्याजवळ अख्खी सकाळ होती. मी म्हटलं, "भेव वाटते."

तो गेला. डबे, ढोल, आरोळ्या यांचा आवाज इथंवर येत होता. मग एक बार ऐकू आला आणि सगळं शांत झालं. काय झालं ते टिकारामनंच अंगणात येऊन सांगितलं, रागानं थुंकत. वाघ माझ्या नवऱ्याच्या मचाणाखालून गेला, दहा हातांवरून. थांबला, वर पाहिलं. आणि या माणसानं बंदूक मांडीवर ठेवून हात जोडले. टिकारामनं आपल्या झाडावरून घाईनं बार काढला, तो वाघाच्या पुढच्या पायाला लागला आणि वाघ नाल्यात उतरून नाहीसा झाला.

"तूनं कायले सोडला त्याले?" टिकाराम ओरडला. "माझी म्हैस तुझा बाप देते का भरून?"

"बापावर बार कोण काढते, टिकाराम?" माझा नवरा शांतपणे म्हणाला. "तू काढशील का?"

टिकाराम आणखी बोलला असता. पण दुसऱ्या दिवशी नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाची पावलं दिसली. उजवा पंजा ओढत चालला होता. वाघ लंगडत होता, उजव्या पायानं. सगळं गाव ती पावलं पाहायला गेलं. टिकारामनं बंदूक घरात टांगून ठेवली. त्या वाघावर हाका घालायचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. लोक नाल्याकाठच्या दगडाला शेंदूर लावू लागले आणि येता-जाता "कवडूबाबा" म्हणू लागले.

एक मांजर, एक थेंब दूध आणि एक वरवंटा, एवढ्यावर गावानं देव उभा केला. मला हसू यायला हवं होतं. मला रात्र रात्र झोप लागत नव्हती, कारण लंगड्या वाघाला हरणं सापडत नाहीत हे बाकीचे विसरले होते, पण मी विसरले नव्हते.

पुढं माझ्या नवऱ्यानं सुरू केलं ते तर विपरीतच होतं. मामाजींना तलावातली मासळी आवडायची, तळलेली, तिखट कमी. हा दर दोन-चार दिवसांनी मला मासळी तळायला सांगे, पळसाच्या पानावर घेऊन दिवस कलायच्या आधी नाल्याकडे जाई आणि शेंदराच्या दगडापाशी ठेवून येई. दुसऱ्या दिवशी पान रिकामं असे. मुंगूस खात असेल, कोल्हा खात असेल. हा येऊन आईला सांगे, "माय, बाबा जेवला." आत्याबाई पदर तोंडाला लावत. मग तो तिथं बसून बोलू लागला. धानाच्या रोपांचे परे कसे आले, शेताच्या कोणत्या बांधीत चिखलणी झाली, कोणता बैल अडला, सगळं त्या झाडोऱ्याला सांगायचा. माझा राग मासळीच्या तव्यावर निघायचा. हातानं तळत होते आणि मनात म्हणत होते, आज सांगते. आज नक्की.

आषाढात एक दिवस धानाची रोपं लावून, रोवणा करून आम्ही दोघं धुऱ्यावर भाकर खायला बसलो होतो. आसपास कोणी नव्हतं. मी म्हटलं, "तो पिठातला पाय... मांजरीचा बी असू शकते ना?"

त्याच्या हातातला घास थांबला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, याला ते हवं आहे, कोणीतरी हे म्हणावं याची हा वाटच पाहतोय. "तूनं पाह्यलं का मांजर?" त्यानं विचारलं.

मांजर मी पाहिली नव्हती, हे खरंच होतं. तिरकं टोपलं पाहिलं होतं, चाटलेला द्रोण पाहिला होता. तो थांबला होता. बगळे चिखलात फिरत होते.

"नाही," मी म्हटलं.

"मंग कायले बोलते?" तो म्हणाला आणि घास तोंडात घातला.

श्रावणातल्या एका शुक्रवारी तो मासळी घेऊन गेला आणि वेळेत परतला नाही. गुराख्यांनी आरोळी दिली. बापाला आणलं होतं त्याच खाटेवर घालून त्याला आणलं, आणि बापाला घेतलं होतं त्याच जागी खाली घेतलं. पोट फाटलं होतं. पण तो शुद्धीवर होता, आणि घाबरलेला नव्हता. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

यादोराव डोक्याशी बसला. "दुधराम, राम म्हण, पोरा."

त्यानं ऐकलं नाही. त्याचे डोळे मला शोधत होते. मी जवळ गेले तसा म्हणाला, "बाबानं मले वळखलं नाही."

"राम म्हण, पोरा," आत्याबाई रडत म्हणाल्या.

"मी आवाज देल्ला. बाबा, मी हावो म्हटलं. काऊन नाही वळखलं?" लहान मुलानं विचारावं तसं तो विचारत होता. "मासोळी बी होती हातात. काऊन नाही वळखलं त्यानं मले?"

हा माणूस पोट फाटलेलं विसरून बापानं ओळखलं नाही याचं दुःख घेऊन चालला होता. शेवटी मनात जे राहतं तेच पुढं होतं, हे मीही तोवर इतक्यांदा ऐकलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. याच्या मनात हे राहू द्यायचं? की खरं सांगून दुसरं काही भरायचं? रामाचं नाव त्या मनात शिरायला जागाच नव्हती. मी वाकले. माझे केस त्याच्या चेहऱ्यावर पडले, त्यामुळं कोणाला माझे ओठ दिसले नाहीत. मी त्याच्या कानात म्हटलं, "तो बाबा नव्हता. मामाजी वाघ झालेच नाही. पिठात मांजरीनं पाय ठेवला. वरवंटा ठेवायचा मीच विसरली होती. नुसता वाघ होता तो. वळखंल कसा?"

त्याचा श्वास अडला. डोळे माझ्यावर होते. राग नव्हता त्यांत. राग असता तर मी आज बरी असते. त्याचे ओठ हलले आणि तो मला एकटीला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मंग बाबा कुठी गेला?"

तो उत्तराची वाट पाहत पाहत गेला.

मी मान वर केली. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. आत्याबाईंनी माझा हात धरला, त्यांची नखं रुतली. "ओठ हलले त्याचे. राम म्हटलं का, नंदे?"

"म्हटलं," मी सांगितलं.

त्या दिवशी मी टोपल्यावर वरवंटा ठेवला, त्यावर पाट्याचा दगड ठेवला आणि द्रोणात पाणी ठेवलं. मांजरीला पिल्लांसकट कोठीत कोंडलं. टोपलं उचललं तेव्हा पीठ चाळून पसरलं तसंच होतं, एक रेघ नाही. यादोरावचे डोळे भरून आले. "सुटला," तो म्हणाला. "खूणच नाही. जन्मच नाही याले. नंदाच्या तोंडचं नाव घेऊन सुटला पोरगा."

मग टिकारामनं बंदूक काढली. वाघ चार दिवसांत मेला, त्याच नाल्यात, भुकेनं बरगड्या निघालेला. कोणी त्याला कवडूबाबा म्हटलं नाही. म्हातारा, लंगडा, मोठा थोरला वाघ होता तो, चैत्रात जन्मलेला नव्हता, हे कोणालाही दिसत होतं. पण गावानं त्याचा विचार केला नाही. गावाला आता नवा आधार सापडला होता, आणि तो आधार मी होते. पौषात टिकारामाची आई भुईवर घेतली आणि मला बोलावणं आलं.

अकराही वेळा मी नाव सांगितलं. खरंच सांगितलं, कोणाला फसवलं नाही. पण मरणाऱ्याच्या कानाशी वाकलं की मला दर वेळी वाटे, आता हाही विचारेल, बाबा कुठी गेला.

काल दुपारपासून मी आत्याबाईंच्या उशाशी होते. सात वर्षं आम्ही दोघींनी एका चुलीवर रांधून खाल्लं, आणि त्या कधी मला टाकून बोलल्या नाहीत. गावात म्हणत, नशीबवान आहेत दोघी. आज सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "बायाईले बाहेर पाठव."

मी सगळ्यांना उठवलं. मरणाऱ्याला नाव एकांतात हवंय, असं समजून त्या भक्तीनं बाहेर गेल्या.

"काय म्हणला होता माझा पोरगा? खरं सांग. मले तिकडं जाऊन त्याले भेटायचं हाये."

मी सांगून टाकलं. "'मंग बाबा कुठी गेला' म्हणाले, आत्याबाई. राम नाही म्हटलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं संपलं. पण त्या बोलल्या, "म्हंजे तूनं त्याले मांजरीचं सांगतलं."

"तुमाले कसं माहीत?"

"तिच्या मिशीले पीठ होतं. चुलीमागं बसली होती. मीच पुसलं पदरानं."

"मंग सांगतलं काऊन नाही?" मी जवळजवळ ओरडले. हे विचारायचा मला काय अधिकार होता, पण मी विचारलं.

"दूध मी ठेवलं होतं. यादोराव नको म्हणे. लोक म्हणले असते, धुरपतानं नवऱ्याची वाट मोडली." त्या थांबल्या, श्वास गोळा केला. "आन मंग गोड वाटू लागलं. वाघ तं वाघ, पण हाये. नाल्यात हाये. पोरगा येऊन सांगे, बाबा जेवला. मले खरं वाटे. आन तू काऊन चूप होती?"

"वरवंटा मी ठेवला नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सात वर्षं शेजारी शेजारी निजून पहिल्यांदाच आम्ही एकमेकींकडे नीट पाहिलं. दोघींपैकी एकीनं तोंड उघडलं असतं, कोणत्याही एका दिवशी, मासळी तळताना, दळताना, शेण काढताना, तर तो आज धुऱ्यावरून लंगडत आला असता.

"वाघानं नाही, नंदे," आत्याबाई म्हणाल्या. "आपण दोघीनं खाल्लं त्याले."

त्यांचा श्वास वर लागला. ही माझी वेळ होती, माझं काम होतं. मी कानाशी वाकले, तोंड उघडलं, आणि राम हा शब्द माझ्या तोंडून निघेना. अकरा परक्यांना दिला तो शब्द मला घरच्या माणसाला देता येईना. त्या माझ्याकडे पाहत होत्या, ओठ थोडे विलग करून, माझ्यामागून म्हणायला तयार. मी घसा खाकरला, जीभ हलवली. काही आलं नाही. त्या तशाच वाट पाहत गेल्या, पोरगा गेला होता तशाच.

दाराबाहेर बायका उभ्या होत्या. "म्हटलं का?" त्यांनी विचारलं.

"म्हटलं," मी सांगितलं.

आता माणसं मसणात गेली आहेत. मी पीठ चाळून पसरलं आहे, पाण्याचा द्रोण ठेवला आहे, टोपलं घातलं आहे. वरवंटा वर आहे आणि मी त्याच्यावर हात ठेवून बसले आहे. ती मांजर कधीच मेली, तिची नात दारात अंग चाटत बसली आहे. बाहेर बायका हळू आवाजात बोलत आहेत की धुरपताबाईंचं भाग्य थोर, घरातच नाव सांगणारी होती. मग एकीनं विचारलं, नंदाच्या वेळेला तिच्या कानाशी कोण बसेल?

कोणीही बसो. कितीही मोठ्यानं नाव सांगो. मी रोज सकाळी उठून राम म्हणते, संध्याकाळी म्हणते, शेवटच्या क्षणी तोंडात यावं म्हणून सवय करते आहे. पण मला माहीत आहे. त्या वेळी मला मिशीला पीठ लागलेली मांजरच दिसणार आहे.